कौसा माझ्याकडे आहे

पुसेगाव, ता. १० जून १९३८

सौ. चतुरा हिस अनेक आशीर्वाद. तीर्थरूप मामांना आणि आईंना साष्टांग नमस्कार सांगावा.

तू माहेरी जाऊन आज बावीस दिवस झाले. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तुझा भाऊ रामकिशन वाचून दाखवणार, आणि ते ऐकायला घरातले सगळे बसणार. म्हणून सगळंच लिहीत नाही. त्या दिवशी जे झालं ते घरोघरी होतं तेवढंच झालं. त्यासाठी तान्ह्या नामाला काखेत घेऊन बापाच्या गाडीत बसायचं कारण नव्हतं.

नामा अंगावर पिणारा आहे, त्याला नेलंस ते ठीक. कौसा माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. मामांनी तिला गाडीत घ्यायला एक हात धरला तेव्हा मी दुसरा धरला, ते चार माणसांनी पाहिलं आहे. सात वर्षांच्या पोरीला वळण बापाच्या हाताखाली लागतं. तुझ्या हाताखाली काय लागलं तेही मी पाहिलं आहे.

इथं सगळं ठीक चाललं आहे. कौसा पहाटे उठते, सडा टाकते, पाढे म्हणते. माझ्याबरोबर शाळेत येते आणि मुलांपासून वेगळी, मागच्या भिंतीशी बसते. संध्याकाळी शुद्धलेखन. आता पहिल्यासारखी रडत नाही. घरात आवाज म्हणून नाही. स्वैपाक मी करतो. भाकरी अजून गोल होत नाही, एवढंच.

आठ दिवसांत ये. मी आणायला येणार नाही. ज्या गाडीतून गेलीस तिच्यातूनच ये.

तिच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. तू कशी काढत होतीस ते कळव. फणी सापडली आहे, पण कौसा मला डोक्याला हात लावू देत नाही.

माणिकराव


पुसेगाव, ता. ८ जुलै १९३८

सौ. चतुरा हिस आशीर्वाद.

मामांचं कार्ड पावलं. ‘पोरगी पाठवा, मग बोलू’ एवढी एकच ओळ त्यांनी अख्ख्या कार्डावर लिहिली आहे. माझंही उत्तर एका ओळीचं आहे. पाठवत नाही.

परवा एक प्रकार झाला, तो तुला कळला पाहिजे. शाळेतून येऊन हातपाय धुतो तोच दारात आपल्या शेजारची रुख्मिणीबाई आणि तिच्याबरोबर आणखी दोघीजणी. तिघींनीही पदर तोंडाला लावलेला. काय झालं म्हणून विचारलं, तर रुख्मिणीबाई म्हणाली, “मास्तर, आमाला आजच कळलं. इतकं मोठं झालं आन तुमी गावात कोनाला सांगितलं बी न्हाई.” मला वाटलं तुझ्या माहेराहून, शिरडहून काही निरोप आला. मी ओल्या पायांनीच पुन्हा चपला घातल्या. मग हळूहळू उलगडा झाला. कौसानं ओढ्यावर बायकांना सांगितलं होतं की माझी माय मेली. तापानं मेली, मंगळवारी मेली, असं सगळं नीट सांगितलं होतं.

बायका गेल्यावर मी तिला समोर उभं केलं. काहून असं बोललीस म्हणून विचारलं. पापणी न हलवता ती म्हणाली, “मी न्हाई बोलले.” तीन बायकांनी कानांनी ऐकलेलं ती माझ्या तोंडावर नाही म्हणाली. मी तिला समज दिली.

हे ती कुठं शिकली? मी रागावलो की तू तिला पाठीशी घालायचीस आणि तिच्या कानात सांगायचीस, ‘न्हाई म्हण, मी न्हाई केलं म्हण.’ तुला वाटायचं मला ऐकू येत नाही. मला येत होतं. सात वर्षं मी तिला एक शिकवलं आणि तू माझ्या पाठीमागं दुसरं शिकवलंस. आता पाठीमागं कोणी नाही. आता ती सुधारायला पाहिजे होती. ती जास्तच बिघडत चालली आहे, आणि त्याचं कारण तू आहेस.

इथवर लिहिताना दोनदा उठलो. अंगणात जाऊन आलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. कौसा चुलीपाशी बसली आहे. मी उठलो की तीही उठून उभी राहते. मी बसलो की बसते.

माणिकराव


पुसेगाव, ता. १६ सप्टेंबर १९३८

सौ. चतुरा हिस आशीर्वाद.

रामकिशन, हे पत्र फक्त तुझ्या बहिणीला वाचून दाखव. मामांपुढं नको.

मागच्या पत्रात समज दिली असं लिहिलं होतं. समज म्हणजे मारलं. छडीनं. हे लिहायला मला दोन महिने लागले.

त्यानंतर ती सुधारली असं मी धरून चाललो होतो. ती एकदाही खोटं बोलली नाही. कारण ती बोललीच नाही. बोलायची ते फक्त विचारायला. पाणी पिऊ का? बाहेर जाऊ का? झोपू का? शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी तिला उभं करून तेवीसचा पाढा विचारला. तिनं न अडखळता म्हटला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, औलाद अशी पाहिजे म्हणाले. मी दोन दिवस खूश होतो. तिसऱ्या दिवशी तिचं अंथरूण ओलं निघालं.

आता ते रोजच होतं. ती माझ्या आधी उठते, गोधडी नेऊन तुराट्यांच्या ढिगामागं लपवते. मी पाहिलं तर म्हणते, पाणी सांडलं. मी घागरीकडे बघतो, ती काठोकाठ भरलेली असते. मी काही बोलत नाही. बोलायला लागलो तर कुठं थांबेन याची मलाच खात्री वाटत नाही.

तुला खुर्शीदबी माहीत आहे, मागच्या आळीतली, बांगड्या भरणारी. नवरा वारून पाच वर्षं झाली, पदरात तीन लेकरं. बापाविना त्या घरात काय वळण राहणार, असं मी कितीदा बोललो असेन. तू ऐकून घ्यायचीस. परवा कौसाच्या बांगड्या हाताला दाटून वळ उठले होते म्हणून तिला तिथं घेऊन गेलो. मी ओट्यावर बसलो होतो. खुर्शीदबीची जैनब, कौसाच्याच वयाची, आतून दोरीत ओवलेल्या बांगड्या घेऊन येत होती. उंबऱ्याला ठेच लागून पडली. सगळ्या बांगड्यांचा चुरा झाला.

माझ्या शेजारी कौसानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. पडली जैनब, आणि डोकं कौसानं झाकलं.

जैनब उठली आणि पळत सुटली. पण कुठं, तर आईकडेच. माझ्या हातून पडल्या, म्हणून रडत सांगू लागली. खुर्शीदबीनं आधी तिचे तळवे उलटेपालटे करून काच लागली का ते पाहिलं. मग पाठीत एक धपाटा घातला आणि हातात झाडू दिला. दोघींनी मिळून झाडून घेतलं. थोड्या वेळानं ती पोरगी अंगणात खेळत होती.

मला विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं. तुम्ही एकट्या, घरात पुरुष माणूस नाही, तरी लेकरं तुमच्याशी खरं कशी बोलतात?

ती म्हणाली, “मारती मी बी, मास्तर. पण खरं सांगितल्यावर जास्ती न्हाई मारत, हे त्यास्नी ठावं हाय. मी एकटी, तवा घरात एकच बात चालती. तुमच्याकडं दोघं. एकानं भ्या दावायचं आन एकानं झाकायचं. लेकरू मधल्यामधी लपायला शिकलं. त्याचा काय कसूर?”

मी म्हणालो, पण आता तर मीही एकटाच आहे.

ती कौसाच्या हातात बांगडी चढवत होती. वर न बघताच म्हणाली, “व्हय. आता नुसतं भ्याच राह्यलं.”

घरी आल्यापासून मी एका जागी बसलेलो नाही. आज जुमा, शुक्रवारची शाळेला सुटी, त्यामुळे जायलाही कुठं नाही. तू झाकत होतीस कारण मी मारत होतो. आणि तू झाकतेस म्हणून मी जास्त मारत होतो. यात आधी कोणी सुरू केलं ते आठवायला गेलो, तर मला माझाच हात आठवतो.

तू ये, असं या पत्रात लिहीत नाही. आठ दिवसांची मुदत केव्हाच संपली. एवढंच कळव, कौसाला झोपवताना तू काय करत होतीस? काही म्हणत होतीस का? मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

माणिकराव


पुसेगाव, ता. १४ ऑक्टोबर १९३८, सकाळी

चतुरा,

कौसा तिकडे आली आहे का?

काल शाळा सुटल्यापासून ती नाही. मला वाटलं पुढं घरी गेली. घरी नव्हती. खुर्शीदबीकडे नव्हती. ओढा पाहिला. दोन्ही विहिरींत गळ टाकून पाहिले. त्यात काही लागलं नाही. देवाची कृपा, एवढंच म्हणवतं.

मी काल तिला काही केलं नव्हतं. तुझ्या गळ्याची शपथ. शुद्धलेखनाची वही दे म्हणून फक्त हात पुढं केला होता.

हे पत्र खुर्शीदबीचा भाऊ कय्युम सायकलवर घेऊन येत आहे. आली असेल तर त्याच्याजवळ नुसतं ‘हो’ सांग. नसेल आली तर मामांना आणि रामकिशनला औंढ्याच्या बाजूनं निघायला सांग. मी हिंगोलीच्या वाटेनं निघतो आहे.

माणिकराव


फुलसिंगचा तांडा, हिंगोलीच्या वाटेवर
ता. १७ ऑक्टोबर १९३८

चतुरा,

कौसा सापडली. सुखरूप आहे. तळपायांना फोड आले आहेत, दुसरं काही नाही.

रामकिशन, आता पुढचं मोठ्यानं वाच. मामांना आणि आईंना बोलाव. शेजारचं कोणी बसलं असेल तर त्यांनाही उठवू नकोस.

हा बंजाऱ्यांचा तांडा आहे. तांड्याचा नाईक फुलसिंग, त्याची बायको पेमा. गुरुवारी दिवस मावळायच्या आधी पेमा पाण्याला गेली तेव्हा पोरगी तिला ओढ्याच्या काठावर बसलेली दिसली. नाव विचारलं तर कौसानं ‘जैनब’ सांगितलं. माय बांगड्या भरते म्हणाली, बाप मेला म्हणाली. जैनब नावाच्या पोरीला नसतं ते गोंदण कौसाच्या कपाळावर पेमाला दिसतच होतं, पण तिनं हटकलं नाही. तिला जेवू घातलं, पायांना हळद-तेल लावलं आणि कोणी शोधत येतं का याची वाट बघत राहिली.

मी पोचलो शनिवारी. मला पाहताच ती पेमाच्या घागऱ्यामागं गेली. तांडा गोळा झाला. फुलसिंगनं तिला विचारलं, “ह्यो तुहा बाप हाय का?”

ती म्हणाली, “न्हाई. मला बाप न्हाई.”

फुलसिंग मला म्हणाला, “मास्तर, पोरगी न्हाई म्हनते. आता मी कशी देऊ?” त्याचं बोलणं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. मी शाळेत बोलतो तशा आवाजात ‘कौसा, इकडे ये’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझा आवाज निघायच्या आधीच तिनं डोकं झाकून घेतलं. ते सगळ्यांनी पाहिलं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी तिथंच खाली बसलो. पोरगी माझी आहे, पण ती नाही का म्हणते ते आधी ऐका, असं म्हणालो. जे तिथं सांगितलं तेच इथं लिहितो. तुमच्या घरात ते अजून कोणी पुरतं सांगितलं नसेल, कारण त्यातला एक भाग चतुरालाही ठाऊक नाही.

वैशाखात माझ्या हजेरीपटावर शाई सांडली. दौत कौसाच्या हातून उलटली होती. तू तिला ‘न्हाई म्हण’ असं सांगून शेतात गेलीस आणि ती मला नाही म्हणाली. मी तिला उचललं आणि भिंतीतल्या धान्याच्या बळदात सोडलं. बळद रिकामं होतं. आत उजेड येत नाही, तोंड वर असतं, तिथवर तिचा हात पोचत नाही. वरून मी फळी ठेवली आणि म्हणालो, खरं सांगशील तेव्हा काढीन.

हे सगळं तुला माहीत आहे. भाकरीच्या वेळेला तू शेतातून आलीस, फळी काढलीस, आणि मी परत आल्यावर त्याबद्दल तुझ्यावर हात टाकला. आता जे माहीत नाही ते ऐक.

मी फळी ठेवून दारापर्यंतही गेलो नव्हतो तेव्हाच ती आतून सांगायला लागली होती. ‘मी सांडली दादा. मीच सांडली.’ मी ऐकलं. दारात उभा राहून नीट ऐकलं. मला वाटलं, थोडं भय बसू द्यावं, म्हणजे पुन्हा करणार नाही. चपला घातल्या आणि शाळेला गेलो.

तेव्हा तुझ्या लेकीनं खरं सांगून पाहिलं होतं, चतुरा. तू शिकवलं नसतानाही पाहिलं होतं. त्यानंतर मी गावभर म्हणत राहिलो की पोरगी खोटी निघाली.

सांगून झालं. पेमानं पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. फुलसिंगनं चिलीम झाडली आणि म्हणाला की पायाचे फोड बरे होईस्तोवर पोरगी आमच्यापाशी राहील. मी म्हणालो, मग मीही राहतो. त्यानं बाभळीखाली जागा दाखवली.

दोन दिवस मी बाभळीखाली आहे आणि ती पेमाच्या झोपडीच्या दारात. मधे वीस-पंचवीस पावलं असतील. मी तिकडे गेलो नाही. जावंसं इतकं वाटायचं की मी उठून उलट्या दिशेनं, ओढ्यापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. दिवसातून किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत.

आज सकाळी ती दारातूनच मला म्हणाली, “मायकडं नेता का?”

मी म्हणालो, नेतो.

“आन मग?”

मग तू तिथंच राहा.

“आन तुमी?”

मी पुसेगावला परत जाईन.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, बाजारात नाणं खरं आहे का बघावं तशी. मग आत जाऊन तिनं पेमाचा हात धरला आणि तिला म्हणाली, “ह्ये माजे दादा हायत.”

फुलसिंगचा पुतण्या बैल घेऊन औंढ्याच्या बाजाराला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. आम्ही परवा निघू. ती तुझ्या दारात उतरेल. मामांची इच्छा नसेल तर मी वेशीवरूनच परत फिरेन. तू परत ये असं मी म्हणणार नाही, आणि लेकरू दाखवून तुला ओढायलाही आलेलो नाही.

माणिकराव


पुसेगाव, ता. २० जानेवारी १९३९

चि. कौसास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. तू मला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आता मायला पत्रं तूच वाचून दाखवतेस असं रामकिशनमामानं खाली लिहिलं आहे. तर हेही तिला वाचून दाखव. सगळं दाखव.

तू लिहिलं आहेस: ‘दादा तुमी ह्या मईन्यात येऊ नका. मला आजून भ्या वाटतं. नामाला वाटत न्हाई. मला वाटतं. मायनं ल्ही म्हनलं न्हाई. मीच लिवलं.’

पत्र आलं तेव्हा मी निघायच्या बेतात होतो. फेटा बांधून झाला होता. गाडीवान अजीजची गाडी दारात उभी होती, बैल मान हलवत होते. मी पत्र तीनदा वाचलं. मग अजीजला म्हणालो, आज जाणं नाही. तो विचारायला लागला काय झालं, कोणी आजारी आहे का. मी म्हणालो, नाही, पोरीचं पत्र आलं आहे.

मागच्या महिन्यात मी आलो तेव्हा तू हसत पाणी आणून दिलंस. जवळ बसलीस. न विचारता पाढे म्हणून दाखवलेस. मला वाटलं, झालं, मिटलं आता. ते सगळं तू भ्यायलेली असताना करत होतीस, हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं. नामा तेवढा सव्वा वर्षाचा असून माझा चष्मा ओढत होता, माझ्या मिशीला हात घालत होता. तुझ्या मायनं एकदा ‘ठिव त्यो’ म्हटलं आणि त्यानं ठेवला. ती ओरडली नाही आणि तिनं तो लपवलाही नाही. मी बघत बसलो. इतकी वर्षं ती माझ्या घरात होती, पण तिला असं लेकराशी बोलताना मी पाहिलं नव्हतं. मी घरात असताना तिला तसं बोलता येत नव्हतं.

निघताना मी तिला विचारलं होतं, मी पुन्हा येऊ का, आणि तू कधी येशील का. ती म्हणाली, “कौसाच्या मनानं व्हईल ते व्हईल.” तेव्हा मला राग आला होता, तुला खरं सांगतो. सात वर्षांच्या पोरीच्या मनावर घर चालवायचं का, असं औंढ्यापर्यंत मनात बोलत आलो. नंतर बोलणं संपलं. रस्ता बराच उरला होता.

तुझं पत्र वाचताना सवयीनं हातात पेन्सिल घेतली होती, चुका दुरुस्त करायला. ती खाली ठेवली. तू लिहिलंस ते बरोबर आहे.

मी या महिन्यात येत नाही. पुढच्या महिन्यात तू ‘या’ असं लिहिलंस तर येईन. नाही लिहिलंस तर नाही येणार. तुझ्या मायला विचारायची गरज नाही, आजोबांनाही नाही. उशीर लागला तरी चालेल. मी टपालवाल्याकडे रोज फेऱ्या घालीन, पण त्याची काळजी तू करू नकोस. चालायची मला सवयच आहे.

नामासाठी लाकडी बैल घेतला होता आणि तुझ्यासाठी पाटी. कय्युम त्या बाजूला येणार आहे, त्याच्या हाती पाठवतो. खुर्शीदबीनं तुझ्या मापाच्या बांगड्या दिल्या आहेत, त्याही त्यातच आहेत.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, ‘दादा तुमी रागावले का.’

नाही. वाईट वाटलं. अजीजची गाडी गेल्यावर घरात बसून रडलोही. पण रागावलो नाही, कौसा.

तुझे दादा